फटी बुजवणारे भाऊजी

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, आयुष्यात दोनच कामं जीव ओतून केली. कारखान्यात खोकी भरली आणि घरातल्या फटी बुजवल्या. पहिल्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. दुसरं काम आमच्या अंगाशी आलं, आणि त्यात माझा वाटा किती हे अजून कुणालाच माहीत नाही. मी तोंडाची फटकळ. ताईच्या लग्नाच्या पहिल्या वर्षापासून भाऊजी मला ‘तोफ’ म्हणतात. दुकानदार असो, बसचा कंडक्टर असो, मी कुणाचं ऐकून घेत नाही. तर अशी ही तोफ ज्या दिवशी उडायला हवी होती, नेमकी त्याच दिवशी गप्प बसली. ते कसं झालं, तेवढंच सांगायचं आहे.

कारखाना काचेचा. पेले, बरण्या, दिव्यांच्या काचा तिथे बनायच्या आणि खोक्यांतून लांब लांब जायच्या. भाऊजी पॅकिंग खात्यात होते, अठ्ठावीस वर्षं. तळाला कागदाच्या कातरणाची गादी, त्यावर कागदात गुंडाळलेला एकेक पेला, मध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या, कोपऱ्यांत फोम. खोकं भरून झालं की ते दोन्ही हातांनी उचलायचे, कानाशी धरायचे आणि हळूच हलवायचे. आतून जरा जरी किणकिणलं तरी म्हणायचे, “बोलतंय.” मग ते खोकं पुन्हा उघडायचं, पुन्हा भरायचं. बोलणारं खोकं त्यांच्या हातून कधी गाडीत चढलं नाही. आत रिकामी जागा राहता कामा नये, हा त्यांचा धर्मच होता. ताई म्हणायची, “यांचा जेवणाचा डबासुद्धा दाबून भरावा लागतो. जरा जागा राहिली तर तोंड वाकडं करतात.” यावर ते हसायचे. स्वतःची चेष्टा त्यांना चालायची, कामाची नाही.

दोघं भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. तिसरा मजला, वर थेट छप्पर, आणि झोपायच्या खोलीची एक भिंत उत्तरेच्या वाऱ्याला तोंड देऊन उभी. खिडक्यांच्या लाकडी चौकटी सुकून आकसल्या होत्या. खिडकी घट्ट लावली तरी हिवाळ्यात पडदा आपला हलतोच आहे. स्वयंपाकाचं तेल बाटलीत थिजायचं. एक हीटर होता, त्याच्यापुढे बसलं की गुडघे भाजायचे आणि पाठ मात्र गारच. घरमालक तळमजल्यावर राहायचा. त्याला चौकटींचं सांगितलं की ठरलेलं उत्तर, “पुढल्या वर्षी बघू.” ताईने त्याचं नावच ‘पुढलं वर्ष’ ठेवलं होतं. “अहो, जिन्यात पुढलं वर्ष भेटलं होतं, तुम्हाला विचारत होतं,” असं ती अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायची. अकरा वर्षं हेच चाललं होतं. घर बदलायचा विषय निघायचा आणि बारगळायचा, कारण कारखाना पायी दहा मिनिटांवर होता आणि गल्लीत ताईचं सगळ्यांशी जमलेलं होतं.

ताईची छाती लहानपणापासूनच नाजूक. आम्ही दोघी एका पांघरुणात झोपायचो तेव्हा तिच्या श्वासाची शिट्टी ऐकत मला झोप लागायची. वय वाढलं तसं ते दुखणंही वाढलं. मी सांगतेय त्याच्या आदल्या हिवाळ्यात तिला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या वेळेला डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना समोर बसवलं आणि म्हणाल्या, “औषध मी देईन हो, पण घरात ऊब नसेल तर माझं औषध काय करणार? यांना गारठ्यापासून जपा.”

भाऊजींनी ते वाक्य हुकूम म्हणून घेतलं. रिक्षात बसल्यावर ते ताईला म्हणाले, “पुढच्या हिवाळ्यात तुला या दवाखान्याची पायरी चढू देणार नाही.”

“म्हणजे उचलून नेणार का?” ताई म्हणाली. “कंबर सांभाळा हं.”

मी हसले. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी मनाशी काहीतरी पक्कं केलं होतं.

थंडी पडायच्या दोन महिने आधीपासून ते कामाला लागले. सुपरवायझरला विचारून त्यांनी कारखान्यातला टाकाऊ माल आणायला सुरुवात केली. फोमच्या पट्ट्या, जाड पुठ्ठे, हवेचे फुगे असलेलं प्लास्टिक, रुंद चिकटपट्टीची उरलेली रिळं. रोज संध्याकाळी कामावरून आले की चहा घ्यायचे, स्टूल मांडायचे आणि एकेक फट धरायचे. फट शोधायची त्यांची पद्धत त्यांचीच. पेले गुंडाळायच्या पातळ कागदाची एक लांब पट्टी दोन बोटांत धरायची आणि चौकटीपाशी, फळ्यांच्या सांध्यापाशी, दाराच्या बिजागरीपाशी सावकाश फिरवायची. पट्टी हलली की वारा. तिथे फोम दाबायचा, वर चिकटपट्टी, आणि पुन्हा कागद धरून बघायचं. खिडक्यांच्या काचांवर त्यांनी फुग्यांचं प्लास्टिक इतकं नीट ताणून लावलं की एक सुरकुती नाही. उत्तरेच्या भिंतीला आतून पुठ्ठा, त्यावर फोम, त्यावर ताईची जुनी फुलाफुलांची चादर ताणून लावली, आणि ती सरकू नये म्हणून पुढे कपड्यांचं कपाट रेटून ठेवलं. स्वयंपाकघरात छताजवळ वाफ जायला वीतभर जाळी होती, तीही बुजवली. शेवटच्या दिवशी खोलीच्या मधोमध उभं राहून त्यांनी कान दिला. मी तिथेच होते. बाहेर वारा सुटला होता आणि आत काही म्हणजे काही वाजत नव्हतं. “आता घर बोलत नाही,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी त्यांच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

आणि खरं सांगायचं तर तो हिवाळा फार सुखाचा गेला. हीटर तासभर लावला की खोली संध्याकाळभर ऊबदार. ताईने मोजे काढून ठेवले. खोकला आलाच नाही असं नाही, पण आला तसा गेला. दवाखान्याची पायरी काही चढावी लागली नाही. शेजारपाजारचे बघायला यायचे, भिंतीवर हात फिरवायचे, “कमाल केलीत हो” म्हणायचे. मी तर सगळ्यांत पुढे. दर आठवड्याच्या सुट्टीला जायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला घर दाखवत फिरायचे. जसं काही मीच बांधलं होतं.

कुरबुर फक्त एकाच गोष्टीची. काचांना आतून घाम सुटायचा. सकाळी प्लास्टिकच्या कडेने पाणी ओघळून चौकटीवर साचलेलं असायचं. भाऊजी तिथे फडकी ठेवायचे आणि कामावर जाताना पिळून जायचे. त्यात ताईला स्वयंपाक करताना कोंडल्यासारखं व्हायचं. स्वयंपाकघराची खिडकी तेवढी उघडण्यासारखी ठेवली होती, कडेची पट्टी उचलून ती बोटभर उघडायची. मग संध्याकाळी भाऊजी कागदाची पट्टी घेऊन फिरायचे आणि म्हणायचे, “इथून येतोय. कोणी उघडली?” जशी काही घरात दहा माणसं राहत होती.

एका सुट्टीला माझ्यासमोरच हे झालं. ताई म्हणाली, “अहो, जरा हवा लागते हो मला. छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं.”

भाऊजींनी कागदाची पट्टी खाली घेतली. ते तिच्यावर कधी आवाज चढवायचे नाहीत. आवाज चढवला तो मी. “तुझं ना ताई, कशातच समाधान नाही,” मी म्हणाले. “माणूस कामावरून येऊन राब राब राबतोय, कुणासाठी? आणि तू खिडकी उघडून बसतेस. मग पुन्हा आजारी पडायचं आणि पुन्हा आम्ही धावायचं.”

ताईने माझ्याकडे बघितलं. उठली, खिडकी लावली आणि पट्टीवरून अंगठा फिरवून ती नीट बसवली. त्यानंतर माझ्यासमोर तिने ती खिडकी कधी उघडली नाही. माझ्या पाठीमागे उघडत होती का, हे मला विचारायचं राहून गेलं. विचारायला हवं होतं. मला आता तिची दुसरी कुठलीच गोष्ट इतकी आठवत नाही, पट्टीवरून फिरलेला तो अंगठा आठवतो.

उन्हाळ्यात पुढची दारं-खिडक्या मोकळी झाली, पण उत्तरेची भिंत, कपाट आणि जाळी तशीच ठेवली. इतकं नीट बसलेलं काम कोण उकलणार? दुसरा हिवाळा आला. भाऊजींनी नव्या पट्ट्या लावल्या आणि थोड्याच दिवसांत ताईला खोकला लागला. या वेळी तो जाईना.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मी मोठ्या लॉण्ड्रीत काम करते. हॉटेलं, वसतिगृहं, घरं, सगळीकडचे गठ्ठे येतात आणि मी ते सोडून वेगळे करते. कुठला कपडा कुठल्या खेपेत घालायचा हे डोळ्यांपेक्षा वासावरून कळतं. घाम वेगळा, तेलकटपणा वेगळा, ओलं राहून कुबट झालेलं वेगळं. बुरशीचा गठ्ठा तर आधी बाजूला काढावा लागतो, नाहीतर अख्खी खेप वाया. वीस वर्षांत माझा अंदाज एकदाही चुकलेला नाही, आणि हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही.

ताईला तीन जिने उतरून धुणं वाळत घालणं जमेना, म्हणून तिच्या चादरी आणि पांघरुणं मी लॉण्ड्रीत नेऊ लागले. पहिलाच गठ्ठा सोडला आणि मला तो वास आला. बुरशी. जुनी, मुरलेली, भिंतीतली. क्षणभरसुद्धा शंका आली नाही. मी ती पांघरुणं वेगळी काढली, व्हिनेगर घालून गरम पाण्यात दोनदा काढली, कडक वाळवली, इस्त्री केली आणि सुगंधी घड्या घालून ताईला नेऊन दिल्या. ताई त्यात तोंड खुपसून म्हणाली, “किती छान वास येतोय गं.”

आमच्या धंद्याची हीच रीत. वास असतो तो कपड्याचा. गिऱ्हाइकाचं घर कसं आहे, ते कशात झोपतं, हे विचारायचं नाही. गठ्ठा आला, धुतला, परत केला. मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही गिऱ्हाइकासारखंच वागवलं. दर आठवड्याला तो वास वाढत गेला आणि दर आठवड्याला मी तो धुऊन काढत गेले. इतका छान धुतला की त्या घरात कुणाला शंकासुद्धा येऊ नये.

मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं. एकदा मी ठरवून गेले होते सांगायला. लॉण्ड्रीतून हातात घड्यांची पिशवी घेऊनच तिसरा मजला चढले. भाऊजी स्टुलावर उभे होते आणि कपाटाच्या वरच्या फटीत फोमचा आणखी एक थर दाबत होते. चिकटपट्टी ओढून ओढून त्यांच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. ताई खाटेवर टेकून खोकत होती. मला बघून ते म्हणाले, “ये तोफे. इथूनच गारठा येत असणार बघ, म्हणून हिचा खोकला जात नाही. एवढा थर बसला की झालं.” त्यांचा आवाज इतका आशेने भरलेला होता. आणि मी काय सांगणार होते? की हे सगळं काढून टाका? वर्षभर मीच सगळ्यांना हे घर दाखवत फिरले होते. खिडकी उघडली म्हणून ताईला मीच झापलं होतं. माझीच जीभ मला आडवी आली. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, “छान झालंय, भाऊजी.”

महिन्याभरात ताईला दवाखान्यात न्यावं लागलं. तीन जिने तिला खुर्चीत बसवून उतरवलं. या वेळी कोणी थट्टा केली नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, “घरात कुठे ओल आहे का? भिंतींवर काळे डाग?”

“छे,” भाऊजी म्हणाले. “घर खडखडीत कोरडं आहे. मी स्वतः बंद केलंय.”

“बंद केलंय म्हणजे?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना सुरुवातीला त्यांच्या बोलण्यात थोडा अभिमान होता. बाईंचा चेहरा बघून तो हळूहळू उतरला. “घरी जाऊन जरा सामान हलवून बघा,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याबरोबर गेले. आम्ही दोघांनी मिळून कपाट पुढे ओढलं. फुलाफुलांची चादर खालून काळी पडली होती. भाऊजींनी तिचा कोपरा धरून ओढला तर ती हातात फाटून आली. मागचा फोम ओल्या पावासारखा तुटत होता, पुठ्ठ्याचा लगदा झाला होता, आणि भिंत जमिनीपासून माझ्या खांद्यापर्यंत काळी होती. केसाळ काळी. ताईची उशी त्या भिंतीपासून हातभर अंतरावर होती. भाऊजींनी भिंतीवर तळहात टेकला आणि तसाच ठेवला.

“हे कधी झालं?” ते म्हणाले. मला विचारत नव्हते, पण खोलीत मीच होते. मी खाली पडलेले पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करायला लागले.

नवव्या दिवशी ताई गेली. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरीणबाई भल्या. म्हणाल्या, त्यांची छाती मुळातच कमजोर होती, भिंतीमुळेच झालं असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. भाऊजींनी मान हलवली. पण घरी येऊन त्यांनी सगळ्या पट्ट्या ओरबाडून काढल्या, प्लास्टिक फाडलं, जाळी मोकळी केली, आणि भर थंडीत सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून ते खाटेवर बसून राहिले. घरमालक वर आला आणि दारातून म्हणाला, “एवढं बुजवायचं नसतं हो. मला विचारायचं तरी.” तेव्हा मात्र मी उडाले. अकरा वर्षांचं सगळं त्याच्या अंगावर घातलं. सगळा जिना ऐकायला जमला. तो निमूट खाली गेला. पण बोलताना मला पुरतं कळत होतं की त्यातलं निम्मं मी स्वतःलाच बोलत होते, आणि ते कुणालाच ऐकू जात नव्हतं.

याला तीन वर्षं झाली. भाऊजी निवृत्त झाले. आता ते एका तळमजल्याच्या खोलीत राहतात. थंडीतही खिडकी उघडी ठेवतात आणि अंगावर दोन स्वेटर घालून बसतात. माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवायला माझ्याकडे येतात. पूर्वी भरपूर खाणारा माणूस, पण ताई गेल्यापासून ताटात चिवडत बसतो. मी आग्रह करते, रागावते, काही उपयोग होत नाही. दर वेळी फिरून एकच विषय. “मी तिला पॅक केलं गं,” म्हणतात. “काचेसारखं. काचेला श्वास लागत नाही, एवढं मला कळू नये?” मी म्हणते, तुम्ही प्रेमानेच केलंत. ते म्हणतात, हो, प्रेमानेच केलं.

किती तरी वेळा माझ्या ओठांवर आलं. सांगून टाकावं. भाऊजी, तुम्हाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. तुम्ही चुकलात, मी गप्प बसले. सगळा भार एकट्याने का वाहताय, त्यातला मोठा गठ्ठा माझा आहे. गेल्या आठवड्यात तर मी ताट वाढता वाढता सुरुवातसुद्धा केली होती. “भाऊजी, एक सांगायचंय.”

पण त्याच वेळी ते बोलायला लागले. ताटाकडे बघत, सावकाश. “तुला सांगू? मी खूप विचार केला. मला एकाच गोष्टीने धीर येतो. तू दर आठवड्याला यायचीस. तिचं अंथरूण-पांघरूण तुझ्या हातून जायचं. तुझा सगळा जन्म लॉण्ड्रीत गेला. त्या पांघरुणांत काही जाणवण्यासारखं असतं तर सगळ्यांत आधी तुला कळलं असतं, आणि तू कुणाची भीडभाड ठेवणारी बाई नाहीस, तू लगेच बोलली असतीस. म्हणजे कळण्यासारखं काही नव्हतंच. तुला नाही कळलं, तर मला कुठून कळणार होतं?” मग त्यांनी वर बघितलं. “तू काय सांगत होतीस?”

मी भांडं खाली ठेवलं. “काही नाही,” मी म्हणाले. “हेच म्हणत होते. मलाही नाही कळलं, भाऊजी.”

त्यांनी मान हलवली आणि ताट जवळ ओढलं. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले. मी वाढत राहिले.